चिमूटभर जास्त

"याची काच साफ करून मिळेल का?"

मी मान वर केली. काउंटरवर वीतभर लांबीची एक काळी नळी होती आणि नळीच्या मागे एक माणूस. नखशिखान्त भिजलेला. बाहेर पाऊस होता हे खरं, पण या महाशयांकडे रेनकोट होता. तो अंगातून काढून त्यांनी त्या नळीला गुंडाळून आणला होता!

"हे चष्म्याचं दुकान आहे," मी म्हटलं. "दुर्बिणी आम्ही बघत नाही."

"दुर्बीण नाही ही. हिच्यातून मीठ दिसतं."

"आमच्या घरी मीठ नुसत्या डोळ्यांनीही दिसतं."

तो हसला. मी नाही हसले. हसायचं कसं ते माझे गाल विसरूनच गेले होते. आईला जाऊन अजून वर्षही व्हायचं होतं आणि घरी बाबा होते... खुर्चीत. सकाळी खुर्चीत, संध्याकाळी खुर्चीत, समोर भिंत. सगळं आयुष्य एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी म्हणून काढलेला हा माणूस, शेकडो लोकांना रोज गरमगरम वाढणारा, आता मी वाढलेल्या ताटाकडे बघायचा आणि म्हणायचा, "जिभेला चव नाही गं." दिवसभरात तेवढं एकच वाक्य. माझ्या हाताला मुळातच चव नाही, ही गोष्ट वेगळी. पण पूर्वी ते तोंडावर सांगून मला स्वयंपाकघरातून हाकलून देणारे बाबा मला परत हवे होते आणि ते काही परत येत नव्हते.

असो. मी नळी हातात घेतली. टोकाच्या काचेवर मिठाचं पूट चढलं होतं आणि वरच्या झाकणाचा बारीक स्क्रू पडला होता. काच पुसली, आणि एका मोडक्या चष्म्याच्या दांडीतला स्क्रू काढून तिथे बसवला. अगदी मापात बसला. त्याने खिशातून इवलीशी बाटली काढली, काचेवर पाण्याचा एक थेंब टाकला, झाकण मिटलं आणि नळी माझ्यापुढे धरली.

"बघा. उजेडाकडे तोंड करून."

मी एक डोळा मिटला. वर निळं, खाली पांढरं, मध्ये एक सरळ रेघ... पस्तीस आकड्यावर.

"हा समुद्र," तो म्हणाला. माझ्या कानाच्या इतक्या जवळ की रेघ हलली. खरं म्हणजे माझा हात हलला.

पैसे मी घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते विचारू नका. तो म्हणाला, "मग मासे तरी बघायला या. दोन गल्ल्या सोडून दुकान आहे."

मी जाणार नव्हते. पण पुढच्या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडून परत आणताना पाऊस आला आणि आडोशाला म्हणून जिथे शिरलो ते नेमकं तेच दुकान निघालं. नेमकं म्हणजे... मी रस्ता थोडा वाकडा केला होता. थोडाच.

आत निळसर अंधार होता आणि पंपांची घरघर. बाबा माझा हात धरून पाय ओढत चालत होते आणि एका टाकीपाशी थांबले. आत नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे होते, एक थोराड आणि एक किरकोळ. थोराड मासा पुढे, किरकोळ मागे. थोराड वळला की किरकोळ वळायचा.

"हे काय खातात?" बाबांनी विचारलं.

मला हुंदका आला हो. त्या माशांच्या दुकानात, माणसांसमोर. कितीतरी दिवसांनी बाबांनी कुणाला तरी काहीतरी विचारलं होतं, आणि विचारलं तेही काय, तर खायचं!

"ही जोडी मला हवी," मी डोळे पुसत म्हटलं.

"खाऱ्या पाण्याने सुरुवात करू नका," तो म्हणाला. "आधी गोड्या पाण्याचे मासे पाळा. खाऱ्या पाण्यात नव्या माणसाचे हात पोळतात."

"आमचे आधीच पोळलेत. तुम्ही द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. माणूस समजूतदार होता, हा त्याचा पहिला गुन्हा.

टाकी आली. खुर्चीसमोरच्या भिंतीला लागूनच ठेवली, म्हणजे बाबांना निदान भिंतीऐवजी काच दिसेल. त्याने तळाला वाळू पसरली, भोकंभोकं पडलेले खडबडीत दगड रचले. मोठ्या पिंपात गाळलेलं शुद्ध पाणी घेतलं आणि त्यात मीठ ओतायला लागला. स्वयंपाकाचं नव्हे, समुद्राचं पाणी बनवायचं खास मीठ. बाबा खुर्चीतून उठले. उठले! पिंपापाशी आले, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले.

"चिमूटभर कमी आहे."

त्याने नळी डोळ्याला लावली. "पस्तीस, काका. बरोबर आहे."

"कमी आहे," बाबा म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. बाबांची चिमूट म्हणजे कँटीनची चिमूट, बरं का. तुमच्याआमच्या भाषेत मूठ.

"मासे कधी?" मी विचारलं.

"घाई नको."

"घाई नको म्हणजे? उद्या?"

"महिना तरी जाईल. जास्तच. आधी दगडांत बारीक जीव वाढले पाहिजेत. डोळ्यांना दिसत नाहीत ते. माशांची घाण तेच पचवतात. ते नसताना मासे सोडले तर मासे आपल्याच घाणीने मरतात."

"म्हणजे आम्ही महिनाभर रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचं?"

"रिकामं नाहीये ते."

"दिसतंय ना मला! दगड आहेत, पाणी आहे, आणि वीज जळतेय."

"घाई नको," तो पुन्हा म्हणाला, शांतपणे. माझ्या रागाचा पारा चढला की माणसं एकतर चिडतात किंवा पळतात. हा दोन्ही करेना. त्या दिवसापासून मी त्याचं नावच ठेवलं, घाईनको.

घाईनको दर आठवड्याला यायचा. काचेच्या कुपीत टाकीतलं पाणी घ्यायचा, औषधाचे थेंब टाकायचा आणि पाण्याचा रंग बदलायची वाट बघायचा. हिरवं झालं की मान हलवायचा, अजून नाही. मी चहा ठेवायची. तो माझा चहा प्यायचा आणि तोंड वाकडं करायचा नाही... माझा चहा! तिथेच मला कळायला हवं होतं.

"तुम्ही दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघता," एकदा तो कुपी उजेडात धरून म्हणाला. "काय दिसतं?"

"नंबर."

"माझा किती असेल?"

"जवळचं दिसत नाही तुम्हाला, एवढं नक्की."

"दिसतं," तो म्हणाला. कुपीकडे बघत नव्हता तेव्हा तो.

आणि त्याच संध्याकाळी, चहाचा कप विसळता विसळता, त्याने सहज सांगून टाकलं. लांब समुद्रात एक बेट आहे. तिथे माशांची पैदास करून पिल्लं वाढवतात, म्हणजे दुकानांसाठी समुद्र ओरबाडावा लागत नाही. तिथे काम मिळावं म्हणून तो कितीतरी वर्षं खटपट करत होता. मिळालं होतं. दोन वर्षांचा करार. पाऊस सरला की जायचं.

"वा," मी म्हटलं. "छानच झालं."

छान कसलं डोंबलाचं! रात्री उशीत तोंड खुपसून मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. चांगलं काही वाट्याला आलं की आधी त्यावरची मुदत संपायची तारीख बघावी, एवढी साधी अक्कल आईच्या दुखण्याने मला शिकवली होती. तरी मी तारीख न बघता जीव लावून बसले होते. आणि समजा त्याने विचारलं असतं, चल म्हणून, तरी कुठे जाणार होते मी? खुर्चीतल्या माणसाला सोडून? नाहीच. म्हणजे पुढचे सगळे दिवस मला माहीत होतं की हे संपणार आहे, आणि तरी दर आठवड्याला मी केस विंचरून, बरी ओढणी घेऊन दार उघडत होते. यालाच लोक प्रेम म्हणत असतील तर लोकांची कमाल आहे.

शेवटी एकदा कुपीतलं पाणी पिवळं राहिलं, आणि मासे आले.

पिशवी टाकीत तरंगत ठेवून, थोडं थोडं पाणी आत घेत, त्याने अख्खी दुपार घालवली. घाई नको! मग थोराड मासा ऐटीत बाहेर आला आणि त्याच्या शेपटीला धरून आल्यासारखा किरकोळ.

"यांच्यात मोठी असते ती मादी," घाईनको म्हणाला. "घर तिच्या हुकमावर चालतं."

"मग ती मालकीण," बाबा म्हणाले.

मी चपापले. आईला बाबा चारचौघांत मालकीणच म्हणायचे. 'मालकीण रागावल्यात,' 'मालकिणीला विचारून सांगतो.' बाबा काचेला नाक लावून बसले होते आणि त्यांच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या होत्या. घाईनकोने माझ्याकडे पाहिलं, आणि नळी पुसायच्या निमित्ताने माझा ओला हात दोन बोटांनी हलकेच दाबला. बस, एवढंच. त्या एवढ्यावर मी पुढचा आठवडा चालले.

मग सुरू झालं मिठाचं प्रकरण.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. पाणीच फक्त जातं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. काचेवर त्याने चिकटपट्टी लावून ठेवली होती. रोज सकाळी मी पट्टीपर्यंत साधं पाणी भरायची, अगदी चमच्याचमच्याने. तरी तो आला आणि नळी डोळ्याला लावली की रेघ वर. छत्तीस. पुढच्या खेपेला सदतीस.

"खारं पाणी घातलंत?"

"साधं घातलं."

"मग मीठ आलं कुठून?"

"तुमच्या नळीतून आलं असेल. तिचाच स्क्रू ढिला असेल."

"स्क्रू तुम्हीच बसवलाय."

"मग तुम्ही फिरवला असेल!"

तो गालात हसला. थोडं खारं पाणी उपसून काढलं, हळूहळू साधं भरलं, आणि त्या कामात संध्याकाळ सहज निघून गेली. दोन दिवसांनी पुन्हा तपासायला आला. मग पुन्हा. आठवड्याच्या एका खेपेच्या तीन झाल्या. बाबा खुर्चीतून आमची भांडणं ऐकत बसायचे, आणि एकदा तर चक्क म्हणाले, "चहा मी टाकतो. हिच्या हातचा पिऊन मासेवाले पळून जातील."

त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आता खरं सांगते. मला वाटत होतं की तोच लबाडी करतोय. त्या नळीला आणखी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की रेघ हवी तिथे सरकवता येते. काचांशी खेळणारी मी, मला ते कळत नव्हतं थोडंच! साध्या पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर येते का बघितलं असतं तर लगेच चोरी पकडली गेली असती. मी बघितलं नाही. त्याने यायला निमित्त काढलंय असं वाटून घेण्यात इतकं सुख होतं की पडताळून ते घालवायची माझी हिंमत नव्हती.

पाऊस कमी कमी होत गेला. मला तो कोरडा होत जाणारा रस्ता बघवेना.

निघायच्या आधीच्या आठवड्यात तो म्हणाला, "आता शेवटची खेप रविवारी. तुमचा हात बसलाय आता, काकांचाही. पाणी तुम्हीच सांभाळाल."

"सांभाळू की," मी म्हटलं. माझा आवाज इतका सरळ होता की मलाच माझी कीव आली. खुर्चीच्या हातावर बाबांची बोटं मात्र वाजत राहिली.

रविवारी सकाळी मी पडदा सरकवला आणि मालकीण तळाशी आडवी पडली होती.

कल्ले हलत नव्हते. किरकोळ मासा, आमचा धाकटा, तिच्या अंगाला तोंडाने ढकलत होता... पुन्हा पुन्हा. ती हलली की थोडा मागे सरायचा, ती स्थिर झाली की परत ढकलायचा. फोनवर मी फक्त "या" म्हटलं आणि तो आला, शर्टाची बटणं खालीवर लावून, बादल्या घेऊन.

नळी डोळ्याला लावली आणि त्याचा चेहरा पडला. "रेघच दिसत नाहीये. पार वर गेलीये."

मग तो टाकीवर वाकला, आणि थांबला. दगडांच्या खोबणीत पांढरे दाणे होते. न विरघळलेले. मिठाचे.

"कोणी टाकलं हे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग कमी होता आणि काहीतरी मोडल्यासारखं जास्त होतं.

"असं करायचं नव्हतंस," तो हळूच म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "एवढं टाकायचं नव्हतंस. मी तसाही आलो असतो गं... नुसतं बोलावलं असतंस तरी आलो असतो."

"मी?" माझ्या डोक्यात काही शिरेना. "मी कशाला टाकू? रेघ तर तू वर नेत होतास! स्क्रू फिरवून!"

"मी? स्क्रू?"

"यायला निमित्त म्हणून!"

"मला वाटलं, मी यावं म्हणून तू मीठ टाकतेस."

कानापर्यंत तापले होते मी, आणि टाकीत मालकीण मरून पडली होती.

"तिने नाही," मागून बाबा म्हणाले. "मी."

खुर्चीत ते इतके आकसून बसले होते की लहान मुलासारखे दिसत होते.

"तुमचा आकडा वर गेला की तुम्ही यायचा," ते घाईनकोला सांगत होते, पण बघत होते टाकीकडे. "पहिल्यांदा मला खरंच वाटलं, मीठ कमी आहे. मगभर पाण्यात ढवळून टाकलं. तुम्ही आलात. ही भांडली तुमच्याशी, मग हसली. घरात आवाज झाला. मग मी टाकतच गेलो. चिमूटभर टाकायचो, नेहमी ढवळून. काल वाटलं, आता हे परत येणारच नाहीत. तर जरा जास्त टाकावं, म्हणजे राहतील चार दिवस. ढवळायलाही थांबलो नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, भाजल्यासारखे. "आयुष्यभर या हाताने मीठ टाकलं. कधी चुकला नाही हात. मालकिणीला मारलं मी."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचे ते हात धरून ठेवले. घाईनकोने बाह्या वर केल्या आणि धाकट्यासाठी पाणी बदलायला लागला. एकदम साधं पाणी ओतलं तर तोही गेला असता, म्हणून मगामगाने, तासन्‌तास. मी बादल्या उचलून देत राहिले. आमची बोटं बादलीच्या कडीवर एकमेकांना लागत होती आणि दोघांपैकी कोणीही हात मागे घेत नव्हतं. धाकटा वाचला. मालकिणीला घाईनकोने ओल्या रुमालात गुंडाळून नेलं.

जाताना दारात तो थांबला.

"मी जाणं रद्द केलं तर?"

मला हो म्हणायचं होतं. अंगातला कण न्‌ कण हो म्हणत होता. पण ज्या गोष्टीसाठी हा माणूस इतकी वर्षं थांबला, ती मी माझ्या दारात अडवायची? मग उद्या तो माझ्याकडे बघेल तेव्हा त्याला मी दिसेन की ते बेट? आणि बाबांचं मीठ तेवढ्याचसाठी तर होतं, कुणाला तरी अडकवून ठेवायला. काय झालं त्याने, ते आताच तर पाहिलं होतं.

"नको," मी म्हटलं. "जा तू."

"तू यावंस असं—"

"बाबांना बघितलंस ना? मी कुठे येणार?"

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "घाई नको," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. मी दार लावून घेतलं. उघडं ठेवलं असतं तर मी जिना उतरले असते.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बाबांच्या तोंडाला पुन्हा कुलूप लागलं. एकटा धाकटा दगडाच्या एका कोपऱ्यात डोलत राहायचा. मी दुकानात लोकांना विचारायची, "आता स्पष्ट दिसतंय?" आणि मला स्वतःला समोरचं माणूस दिसत नसायचं. तो जाताना नळी ठेवून गेला होता, पण माझ्या नव्हे, बाबांच्या हातात. याचं मला इतकं लागलं होतं की मी तिला हातही लावला नाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. जाऊन बघते तर बाबा ओट्याशी उभे. कांदा चिरत होते, तो त्यांचा जुना भराभर आवाज करत.

"तू बाजूला हो," ते पाठमोरेच म्हणाले. "तुझ्या भाजीला चव नसते."

"जिभेला चव आली वाटतं?"

"तो धाकटा खातो ना अजून," बाबा म्हणाले. "एकटा राहूनही खातो. मग मलाच काय झालंय?"

मी तिथून निघाले, कारण कांद्याला तरी किती दोष देणार. बाहेरच्या खोलीत नळी टाकीशेजारी ठेवली होती, पुसून लख्ख. झाकणाला माझाच स्क्रू. मी थेंब टाकला, उजेडाकडे धरली. निळं, पांढरं, आणि मध्ये रेघ... पस्तिसावर. अगदी बरोबर. तिसऱ्याचौथ्यांदा बघितली तरी पस्तीसच. काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. फोन करायला एकही कारण नव्हतं.

मी फोन केला.

"पाणी बिघडलंय," तो 'हॅलो' म्हणायच्या आत मी म्हटलं.

पलीकडे पाण्याचा मोठा आवाज होता, पंपांचा की लाटांचा कोण जाणे. "किती झालंय?"

"चाळीस."

"धाकटा कसा आहे?"

"आहे... पोहतोय."

"मीठ कोणी टाकलं?"

मी डोळे मिटले. मग एका दमात म्हटलं, "मी. मी टाकलं. तू यावंस म्हणून. कळलं?"

मी नळी टाकीशेजारी ठेवून दिली.

"काका मला रोज सकाळी मेसेजवर आकडा कळवतात," तो सावकाश म्हणाला. "नळी ठेवली ती त्यासाठीच. तू फोन करणार नाहीस हे ठाऊक होतं मला. आज पस्तीस आहे."

मेले! अक्षरशः मेले मी. टाकीच्या काचेत माझा लालबुंद चेहरा मला दिसत होता आणि त्याच्यामागून धाकटा माझ्याकडे बघत होता.

"मग?" मी कसंबसं म्हटलं.

"मग काय. चाळीस म्हणजे फारच झालं. यावं लागेल. पहिली सुट्टी अजून लांब आहे... पण मागतो मी. रोज मागतो."

"घाई नको," मी म्हटलं. रडत होते की हसत होते, मलाच कळेना.

"आहे," तो म्हणाला. "मला घाई आहे."

फोडणीचा चर्र आवाज आला आणि त्यावरून बाबांची हाक, कँटीनमध्ये घालायचे तशी मोठी, खणखणीत.

"कोण येतंय गं? किती जणांचं टाकू?"

मी फोन छातीशी धरला आणि डोळे पुसले.

"आज दोघांचंच, बाबा."